दार लावून गेलेला चोर

१

ऑपरेशन ऐन मध्यावर आलेलं असताना भिंतीवरच्या पडद्यावरचं चित्र गेलं. मेंदूतली गाठ नेमकी कुठे आहे, तिला कुठली रक्तवाहिनी चिकटलीय, हे दाखवणारं स्कॅनचं चित्र. सर्जनबाईंना आधी वाटलं पडदाच बिघडला. दुसरा आणला, तोही काळा. हॉस्पिटलमधले सगळे स्कॅन ज्यात साठवलेले असतात ते तळघरातलं जुनं मशीन बंद पडलं होतं आणि काही केल्या परत उठत नव्हतं. शेवटी निम्मी गाठ आत ठेवूनच डोकं शिवावं लागलं. पेशंट म्हणजे एक शिवणकाम करणारी बाई. ती अजून शुद्धीवर आलेली नाही.

ही गुरुवार दुपारची गोष्ट. शुक्रवारी सकाळी कळलं की मशीन आपोआप बंद पडलेलं नाही. कुणीतरी नेटवर्कमधून त्यात शिरलं होतं, आणि आत जे काही केलं ते माझ्या मेहुणीच्या नावाने केलं होतं.

मी कोण ते सांगतो. मी चोऱ्या शिकवतो. ज्यांना नेटवर्क राखायचंय अशा लोकांना मी दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीने कसं घुसायचं, भोक कुठे शोधायचं आणि सापडलं की कसं बुजवायचं, हे शिकवतो. एथिकल हॅकिंग असं त्याचं भारदस्त नाव आहे. सासुरवाडीला मात्र ‘आमचे जावई घरफोडीचे क्लास घेतात’ असंच सांगतात, आणि ते सांगण्यात पुढाकार असतो धाकटीचा. धाकटी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. ती याच हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागात नोकरीला, आणि त्या आठवड्यात तिच्या विभागाला शिकवायला मीच आलेलो. त्यामुळे वर्गात ‘सर’, आणि बाहेर पडलं की लगेच ‘भाऊजी, आज फारच पकवलंत’.

संचालिकाबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या ओरडणाऱ्यातल्या नाहीत, म्हणूनच जास्त भीती वाटते.

‘‘दुपारी पोलीस येतायत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तक्रारीत नाव घालावं लागेल. सध्या माझ्यापुढे एकच नाव आहे.’’

‘‘ती असलं काही करणार नाही, मॅडम.’’

‘‘तुम्ही तिचे नातेवाईक आहात. तुम्ही दुसरं काय म्हणणार?’’

‘‘मग मला शोधू द्या. पोलीस येईपर्यंत.’’

त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘शोधा. तुमचा तर धंदाच आहे तो.’’

आमच्या धंद्यात एकदा गुन्हा नोंदला गेला की नंतर निर्दोष सुटलात तरी कुणी तुम्हाला आपल्या नेटवर्कच्या आसपास फिरकू देत नाही. धाकटीला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही आवडतही नाही. सासूबाई तिच्याकडेच असतात, आजारी. त्यात इथे एक बाई बेशुद्ध पडलेली, म्हणजे प्रकरण नोकरीवर थांबणारं नव्हतं, थेट तुरुंगापर्यंत जाणारं होतं. मी स्वतःला म्हटलं, बाबा रे, आयुष्यभर हेच शिकवलंस ना, मग आता करून दाखव.

तळघरात जाऊन मी चोराच्या खुणा पाहायला बसलो. चोराने काहीही नेलं नव्हतं. उलट तो जाताना दार नीट लावून गेला होता.

२

असा चोर कुणी पाहिलाय का? ज्या भोकातून आत शिरला तेच भोक त्याने व्यवस्थित बुजवलं. बुजवलेलं पक्कं व्हावं म्हणून, जसं करायचं असतं तसं, मशीन रीस्टार्ट केलं. एक स्कॅन पाहिला नाही, पेशंटचं एक नाव उचललं नाही. जुन्या मशीनला तो रीस्टार्ट सोसला नाही, एवढंच.

भोकातून कुणीही शिरेल. पण दुरुस्ती करायची तर विभागातल्या माणसाचं नाव आणि पासवर्ड लागतो. तो धाकटीचा वापरला गेला होता.

भोक बुजवून जाणारे चोर जगात फारसे नाहीत. जे आहेत ते मी तयार केलेले आहेत. माझ्या परीक्षेत आत शिरण्याला निम्मे मार्क असतात आणि उरलेले निम्मे दुरुस्त करून बाहेर पडण्याला. ‘पाहुण्यासारखं जा आणि सुतारासारखं परत या,’ हे वाक्य माझे विद्यार्थी माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

आणि गुरुवारी दुपारी, ऑपरेशन चालू होतं नेमकं त्या वेळी, याच तळघरातल्या वर्गात माझी परीक्षा चालू होती. विद्यार्थी चार. सरावासाठी आम्ही त्या स्कॅनच्या मशीनच्या हुबेहूब नकला केल्या होत्या. तेच नाव, तोच चेहरा, तेच भोक. प्रत्येक खुर्चीपुढे एक वेगळी नक्कल. नकलेत शिरा, भोक बुजवा, रीस्टार्ट करा, हात वर करा, पास.

खऱ्या मशीनशी वर्गाचा काही संबंध नसायला हवा होता. पण त्याच दुपारी, त्याच पद्धतीने, खरं मशीन कुणीतरी ‘पास’ केलं होतं. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच वर्गात बसलेला होता.

३

चौघांपैकी पहिला तुफान. हा विभागातला सगळ्यात चलाख आणि सगळ्यात बोलघेवडा. मंगळवारी सगळ्यांसमोर म्हणाला होता, ‘सर, खऱ्या मशीनलाही हेच भोक आहे. शिरून दाखवू का?’ मी तेव्हा त्याचे कान उपटले होते. आता तो माझ्यासमोर बसला होता.

‘‘सर, मी बोलतो खूप. करत काही नाही. आईला विचारा.’’

‘‘ते मशीन तू रीस्टार्ट केलंस?’’

‘‘आजोबांना?’’ तो खरोखर दचकला. ‘‘आम्ही त्या मशीनला आजोबा म्हणतो, सर. आजोबांना झोपवायचं नसतं. झोपले तर उठतील याचा भरवसा नाही. आमच्या विभागात कामाला लागल्यावर पहिल्या दिवशी पहिली गोष्ट तीच सांगतात. मला कुणाचा सूड घ्यायचा असता ना, तरी मी आजोबांना हात लावला नसता.’’

हे मला पटलं, आणि त्याने एक मोठा गुंता सुटला. चौघेही याच विभागातले. आजोबांची खोड चौघांनाही माहीत. म्हणजे ज्याने रीस्टार्ट केलं, त्याला आपण खऱ्या मशीनमध्ये आहोत हेच माहीत नव्हतं. तो बिचारा परीक्षा देत होता.

दुसरे साहेब, विभागप्रमुख. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, धाकटीबद्दल वाईट वाटतं म्हणाले, आणि चहा यायच्या आत मलाच कोपऱ्यात घेतलं.

‘‘वर्ग आणि हॉस्पिटलचं नेटवर्क वेगळं असतं ना? मग हे झालं कसं? जबाबदारी तुमची नाही का?’’

‘‘नकला करायला सोमवारी वर्गातून खऱ्या मशीनपर्यंत एक वायर जोडली होती. काम झाल्यावर ती काढा, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघतो आम्ही.’’

‘‘मग बघितलं असणार,’’ साहेब म्हणाले आणि तेवढ्यात आलेल्या चहात साखर ढवळत बसले. साहेब साखर घेत नाहीत, हे मला आठवडाभरात कळलं होतं.

तिसरा शंकासुर. हे नाव मी ठेवलं नाही, तुफानने ठेवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पूर्वी टेलिफोनच्या कामावर होता, ते काम संपलं म्हणून इथे पाठवलेला. आठवडाभर त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं होतं. ‘सर, एक शंका’ म्हणून सुरुवात करायचे आणि त्या एका शंकेला पिल्लं व्हायची. नापास झाले तर त्यांना गोदामात पाठवणार होते, म्हणून परीक्षेआधी त्यांची पाचावर धारण बसलेली. पण पास झाले, तेही उत्तम. सकाळपासून चेहरा उजळलेला होता. त्यांना मी काही खोदून विचारलंच नाही. एवढ्या सरळ माणसाला काय विचारायचं, असं वाटलं.

चौथी धाकटी. मी गेलो तेव्हा ती जिन्यात बसली होती. वर वॉर्ड होता, तिथून एक माणूस खाली आला. हातात बायकोचा स्वेटर. बेशुद्ध असलेल्या त्या बाईंचा नवरा. त्याला कुणीतरी सांगितलं असावं की मी तपास करतोय.

‘‘सापडला का हो तो?’’ त्याने विचारलं.

‘‘शोधतोय.’’

‘‘सापडला की मला सांगा. मला त्याला काही करायचं नाही. फक्त विचारायचंय, का केलं म्हणून.’’

तो गेल्यावर धाकटी म्हणाली, ‘‘भाऊजी, सोडून द्या हे.’’

‘‘वेडी आहेस का? पोलीस तुला न्यायला येतायत.’’

‘‘येऊ देत. मी सांगेन, पासवर्ड चोरीला गेला असेल. रोज कुणाचा ना कुणाचा जातो. कुणाला काय सिद्ध करता येणार आहे?’’

‘‘आणि ज्याने केलं तो सापडला तर तू सरळ सुटशील. मी जवळ आलोय, धाकटे.’’

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला तिचं लहानपण आठवलं. आमच्या लग्नात ती माझे बूट घेऊन पळाली होती, आणि पकडली गेल्यावर अशीच बघत होती.

‘‘सापडला तर कुणीच सुटणार नाही,’’ ती म्हणाली आणि उठून गेली.

घाबरलीय बिचारी, असं मी समजलो. माझ्यासारखा शहाणा मीच.

४

परत वर्गात आलो. डोकं थंड ठेवून विचार केला तर कोडं अगदी सोपं होतं. चौघांनीही गुरुवारी एकेक मशीन रीस्टार्ट केलं. तिघांनी आपापली नक्कल केली आणि एकाने चुकून खरं. मग त्या एकाची नक्कल अजून तशीच असली पाहिजे, तिला कुणी हातच लावलेला नसणार. आणि एखादं मशीन न थांबता किती वेळ चालू आहे, हे ते मशीन स्वतःच सांगतं.

पहिली नक्कल गुरुवारी दुपारपासून चालू. दुसरीही तशीच. तिसरीही.

चौथी सोमवारपासून अखंड चालू होती. भोकही तसंच उघडं.

चौथी नक्कल भिंतीजवळच्या खुर्चीची. त्या खुर्चीवर सोमवारपासून धाकटी बसत होती.

मी तिथेच बसून राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणून निघालो होतो, आणि संन्याशाच्याच झोळीत मुद्देमाल निघाला. तेवढ्यात धाकटीला ताई म्हणणारा तुफान दारातून डोकावला.

‘‘सर, तिथे काय बघताय? परीक्षेला ताई तिथे नव्हतीच.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तुम्ही पेपर आणायला गेला होतात ना, तेव्हा शंकासुरांच्या कीबोर्डचं एक बटण अडकायला लागलं. ते रडकुंडीला आले. ताई म्हणाली, काका, तुम्ही माझ्या जागेवर बसा, मी इथे बसते. माझ्या बोटांना सवय आहे.’’

परत आल्यावर कोण कुठे बसलंय तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी खाली वाकलो. टेबलाच्या मागून एक निळी वायर भिंतीत गेली होती. सोमवारची वायर. ती कुणी काढलीच नव्हती. वायरच्या या टोकाला धाकटीने सोमवारी काम केलं होतं, तेव्हा पुन्हा पुन्हा टाइप करायला नको म्हणून पासवर्ड तिथेच साठवून ठेवला होता. नकलेचं आणि खऱ्या मशीनचं नाव एकच. बाकी खुर्च्यांवरून ते नाव घेतलं की नक्कल यायची. इथून मात्र, वायर असेपर्यंत, आजोबा स्वतः यायचे. आणि पासवर्डची वेळ आली की तो आपोआप भरला जायचा. समोर बसलेल्याला काही कळायचं कारणच नव्हतं.

शंकासुर उपाहारगृहात एकटेच जेवत होते. मी समोर बसलो.

‘‘काका, परीक्षेत रीस्टार्ट केल्यावर मशीन उठलं होतं का?’’

‘‘नाही ना, सर.’’ ते लगेच बोलायला लागले, जणू या प्रश्नाचीच वाट पाहत होते. ‘‘तीच तर माझी शंका होती. बाकीच्यांची उठली, माझं उठेना. मी हात वर केला, तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, नक्कल आहे काका, कधी कधी वेळ लागतो, दुरुस्ती बरोबर केलीत, झालात पास. खांद्यावर थाप मारलीत. तुमच्या लक्षात नाही?’’

आता आलं. त्यांच्या इतक्या शंकांपैकी एकच खरी मोलाची होती, आणि नेमकी तीच मी थाप मारून घालवली होती. कंटाळलो होतो मी त्यांना, दुसरं काय. तिथल्या तिथे वायर ओढली असती, वर फोन केला असता, तर कदाचित त्या बाईंचं ऑपरेशन पुरं झालं असतं. कदाचित.

काकांना मी सगळं सांगितलं. सांगायलाच लागलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग ते हळूच म्हणाले, ‘‘त्या बाईंना मीच केलं का हे?’’

५

केबिनमध्ये संचालिकाबाई, साहेब, काका, धाकटी आणि मी. पोलीस बाहेर आलेले होते. मी उभं राहून सगळं उलगडून सांगितलं. दार लावून जाणारा चोर म्हणजे माझा विद्यार्थी. आजोबांची खोड माहीत असूनही रीस्टार्ट केलं, म्हणजे अजाणता केलं. चार नकला, त्यातली एक न शिवलेली. बदललेली जागा, निळी वायर, साठवलेला पासवर्ड. माझी थापही लपवली नाही. एकेक कडी दुसरीत बसत गेली, कुठे फट राहिली नाही. खोटं कशाला बोलू, त्या परिस्थितीतही मला आतून बरं वाटत होतं. धाकटीच्या हातून काही घडलेलं नाही हे मी सिद्ध केलं होतं.

संचालिकाबाई शेवटपर्यंत शांत ऐकत होत्या. मग काकांकडे वळल्या.

‘‘तुम्हाला परीक्षेत जे करायला सांगितलं तेच तुम्ही केलंत. तुम्हाला परवानगी होती. तुमच्यावर काही येणार नाही. जा तुम्ही.’’

काका उठले नाहीत.

‘‘वायर कुणी जोडली होती?’’ बाईंनी मला विचारलं.

‘‘धाकटीने. पण नकला करायला, परवानगीने.’’

‘‘परवानगी सोमवारपुरती. ती काढली नाही कुणी?’’

‘‘मी साहेबांना विचारलं होतं, मॅडम,’’ धाकटी म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच ती स्वतःसाठी बोलत होती. ‘‘साहेब म्हणाले, राहू दे, पुढच्या आठवड्यात दुसरी बॅच आहे, परत कोण जोडत बसणार.’’

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टेबलाकडे पाहिलं.

‘‘मला असं काही बोलल्याचं आठवत नाही,’’ ते म्हणाले.

‘‘साहेब,’’ मी म्हटलं, ‘‘त्या मुलीचं आयुष्य आहे हे.’’

‘‘आठवत नाही म्हणजे नाही आठवत. मी खोटं कसं सांगू?’’

‘‘मग वर्ग माझा होता,’’ मी बाईंना म्हणालो. ‘‘माझं नाव घाला.’’

‘‘तुम्ही बाहेरचे. तुमचं काम आम्ही आजपासून थांबवतोय, ते वेगळं. पण खऱ्या मशीनपर्यंतचा रस्ता तुमचा नव्हता.’’ त्यांनी एक श्वास घेतला. त्यांनाही हे आवडत नव्हतं, एवढं मला दिसत होतं. ‘‘सकाळी माझ्याकडे नुसता संशय होता. पासवर्ड चोरीला गेला असं ती म्हणाली असती तर आमच्या वकिलालाही पुढे काही बोलता आलं नसतं. आता रस्ता कुणी उघडा ठेवला, किल्ली कुणी दारातच ठेवली, हे सगळं तुम्हीच सांगितलंत, पुराव्यासकट. तुम्ही फार चांगलं शोधलंत. मला आता हे लपवता येणार नाही. ती बाई वर पडलीय.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण हात माझा आणि अवलक्षण तिचं. तिच्या बाजूने जे जे म्हणावं, ते ते मीच आधी चोख खोडून ठेवलं होतं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये पोलीसबाईंनी तिला विचारलं, घरी कुणाला कळवायचंय का. तेवढ्यात माझाच फोन वाजला. बायको. मी नुसता हातात धरून उभा राहिलो. धाकटीने तो माझ्या हातातून घेतला.

‘‘हां ताई. हो, सापडलं सगळं. भाऊजींनीच शोधलं.’’ तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. ‘‘नाही, काकांवर काही आलेलं नाही, ते बरं झालं. मी ना? मला यायला थोडा वेळ लागेल. आईची संध्याकाळची गोळी तेवढी तू दे. आणि भाऊजींना काही बोलू नकोस, त्यांनी खूप धावपळ केली.’’

फोन तिने माझ्याकडे परत दिला. मी ‘धाकटे’ एवढंच म्हणालो. तिने माझ्या दंडावर हात ठेवला, उलट तिनेच, आणि पोलीसबाईंच्या मागोमाग जिन्याकडे गेली.

‘‘अहो,’’ फोनमध्ये बायको विचारत होती, ‘‘थोडा वेळ म्हणजे किती?’’